धुरक्यातलं सल्फेट येतं कुठून? नागपूरचं उदाहरण घेऊन शोधायची पूर्ण रीत

डिसेंबर-जानेवारीत नागपुरात सकाळचे दहा वाजले तरी लांबच्या बिल्डिंगा पुसट दिसतात, आकाश निळं न राहता पांढुरकं होतं, आणि कुणाला विचारलं की लोक उत्तरेकडे बोट दाखवतात, कोराडी. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या चिमण्या डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांचं नाव आधी येतं. त्यांचा वाटा नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण धुरक्यातलं सल्फेट कुठनं आलं हे नुसतं बघून ठरत नाही, कारण सल्फेट चिमणीतून फारसं बाहेर पडतच नाही. बाहेर पडतो तो सल्फर डायऑक्साइड, म्हणजे एसओटू वायू. त्याचं सल्फेट वाटेत होतं, हवेत होतं, आणि त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात वारा त्याला दोनशे-चारशे किलोमीटर पुढे घेऊन गेलेला असतो.

पर्यावरणाचे विद्यार्थी, शहरात हवेवर काम करणारे ग्रुप, पत्रकार, ज्यांच्याकडे एक लॅपटॉप आणि थोडी चिकाटी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठं मॉडेल चालवता येत नसेल तरी निम्म्याहून जास्त काम फुकटात होतं, आणि खरं सांगायचं तर ते निम्मं काम केल्याशिवाय मोठं मॉडेल चालवूच नये.

आधी केमिस्ट्री, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे

एसओटूचं सल्फेट दोन वाटांनी होतं. एक, उन्हात हवेत तयार होणारं ओएच रॅडिकल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा झटपट जोडला जाणारा तुकडा, त्याला पकडतं, ही वाट सावकाश आहे, ढोबळ धरायचं तर तासाला एक टक्क्याच्या आसपास, उन्हाळ्यात जास्त आणि हिवाळ्यात कमी. दुसरी, धुक्याच्या किंवा ढगाच्या थेंबात वायू विरघळतो आणि तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड, ओझोन यांच्यामुळे झपाट्याने सल्फेट होतं, तासाभरात बराचसा वायू संपू शकतो. त्यामुळे वाटेत ढग किंवा धुकं लागलं की नाही यावर सगळं गणित बदलतं. मग हवेतला अमोनिया, जो शेतातल्या युरियातून आणि जनावरांच्या शेण-मुतातून येतो, त्याला जोडला जातो आणि अमोनियम सल्फेट तयार होतं.

वजनाचा हिशोब पाठच करून ठेवा: एसओटू ६४, सल्फेट ९६, अमोनियम सल्फेट १३२. म्हणजे एक टन एसओटू पूर्ण बदलला तर दोन टनांपेक्षा थोडं जास्त अमोनियम सल्फेट होतं. वायू हवेत दिवस-दोन दिवस टिकतो, सल्फेटचे कण मात्र चार-सहा दिवस, आणि पाऊस नसेल तर त्याहून जास्त. कण आकाराने अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या वेव्हलेंग्थच्याच मापाचे, म्हणून प्रकाश विखुरण्यात पटाईत, वर पाणी शोषून फुगतात.

सल्फेट मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

सरकारी ऑनलाइन स्टेशनवर पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण), एसओटू, नायट्रोजनचे ऑक्साइड, ओझोन मिळतात, सल्फेट मिळत नाही. बरेच जण पीएम २.५ वरच बॅक ट्रॅजेक्टरी, म्हणजे हवा कुठल्या वाटेने आली ती मागे जाणारी रेषा, काढून "प्रदूषण अमुक राज्यातून आलं" असं जाहीर करतात, ते चुकीचं आहे, कारण पीएममध्ये धूळ, चुलीचा धूर, गाड्यांची काजळी, सगळं एकत्र असतं आणि प्रत्येकाचं गाव वेगळं असतं. सल्फेटचं गाव शोधायचं तर सल्फेटच मोजायला हवं.

त्यासाठी कॉलेजातला पीएम २.५ सॅम्पलर चालतो. मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, २४ तासांत २४ घनमीटर. ४७ मिलिमीटरचा टेफ्लॉन किंवा क्वार्ट्झ फिल्टर, तो नंतर शुद्ध पाण्यात टाकून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये हलवायचा, ते पाणी गाळायचं आणि आयन क्रोमॅटोग्राफला, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सल्फेट वगैरे वेगळं करून मोजणाऱ्या मशीनला द्यायचं. समजा २० मिली पाण्यात काढलं आणि मशीनने लिटरला १२ मिलिग्रॅम सल्फेट दाखवलं, तर फिल्टरवर २४० मायक्रोग्रॅम, भागिले २४, म्हणजे हवेत १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. त्याला १.३७५ ने गुणलं की अमोनियम सल्फेट, १३.७५. न वापरलेले कोरे फिल्टरही तसेच धुऊन त्यांचा आकडा वजा करायचा, हे लोक वेळेअभावी टाळतात आणि मग कमी प्रदूषणाच्या दिवसांचे आकडे सगळे फुगलेले येतात. अर्धा फिल्टर कापून वापरला असेल तर दोनने गुणायचं विसरू नका.

आता हे १४ मायक्रोग्रॅम दिसण्यावर किती परिणाम करतात? अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांसाठी इम्प्रूव्ह नावाचं नेटवर्क आहे, त्यांचं जुनं सोपं सूत्र अजूनही शिकायला उत्तम आहे: अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट प्रत्येकी ३ ने गुणायचे आणि वर आर्द्रतेचा गुणक लावायचा, सेंद्रिय कण ४ ने, काजळी १० ने, बारीक माती १ ने, जाड धूळ ०.६ ने, आणि स्वच्छ हवेचे १० मिळवायचे. उत्तर 'प्रति मेगामीटर' या एककात येतं, जितकं जास्त तितकं धुरकट, ३,९१२ ला त्याने भागलं की किती किलोमीटर दिसतं ते निघतं.

उदाहरणासाठी आकडे धरू: सल्फेट १४, नायट्रेट ५, सेंद्रिय २५, काजळी ५, माती १०, जाड धूळ ४०. कोरड्या दुपारी आर्द्रतेचा गुणक १.२ धरला तर बेरीज २६२ येते, म्हणजे १५ किलोमीटर दिसेल, त्यात सल्फेटचा वाटा पाचवा हिस्सा. तेच कण, तेवढेच वजन, पण दमट पहाट आणि गुणक ३, तर बेरीज ३६५, दृश्यता पावणेअकरा किलोमीटर आणि सल्फेटचा वाटा एक तृतीयांशाच्या वर. वजन वाढलं नाही तरी धुरकं वाढलं. म्हणून "पीएम तर तेवढंच आहे, मग आज एवढं धुरकट का" याचं उत्तर बऱ्याचदा सल्फेट आणि दमटपणा या जोडीत असतं. आपल्याकडची धूळ आणि धूर अमेरिकेतल्या पार्कांसारखे नाहीत, तेव्हा हे गुणक अंदाजापुरते वापरा.

वायू आणि सल्फेट यांचं प्रमाण: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित युक्ती

मला विचाराल तर पहिलं काम हेच. एसओटू आणि सल्फेट दोन्हींमधलं फक्त सल्फर काढा. एसओटूच्या आकड्याचा अर्धा, सल्फेटच्या आकड्याचा तिसरा हिस्सा. एसओटू १० असेल तर सल्फर ५, सल्फेट १० असेल तर सल्फर ३.३. एकूण ८.३ पैकी ३.३ सल्फेटच्या रूपात, म्हणजे प्रमाण ०.४.

आता विचार करा. कोराडी नागपूरच्या मध्यापासून साधारण १० किलोमीटर. वारा ताशी १० किलोमीटर असला तर धूर तासाभरात पोचतो. आपण सढळ हाताने तासाला दोन टक्के रूपांतर धरलं तरी एका तासात दोनच टक्के बदललं, चिमणीतून थेट निघणारं थोडं सल्फेट धरून प्रमाण ०.०५ च्या आत राहायला हवं. पण आपल्याला मिळालं ०.४. नुसतं रूपांतर धरलं तर ०.४ ला पोचायला साडेपंचवीस तास लागतात. पण वायू वाटेत जमिनीवर, झाडांवर बसून कमीही होतो, तेही तासाला १.८ टक्के धरलं (हवा जमिनीपासून जिथवर मिसळते ती उंची १ किलोमीटर आणि बसण्याचा वेग सेकंदाला अर्धा सेंटीमीटर घेतला की एवढं येतं) तर २१-२२ तास. ताशी १० ते १५ किलोमीटरने म्हणजे दोनशे ते सव्वातीनशे किलोमीटर लांब.

आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नागपुरातल्या एसओटूमध्ये जवळचा ताजा वायू मिसळलेला असतोच, तो प्रमाण खाली ओढतो. म्हणजे जे सल्फेट आहे ते या हिशोबापेक्षाही जुनं, अजून लांबून आलेलं असू शकतं. उलट बाजूने, रात्री वाटेत दाट धुकं लागलं असेल तर दोन-तीन तासांतच प्रमाण चढतं आणि मग जवळचा स्रोतही शक्य होतो. म्हणून धुक्याचे दिवस आणि कोरडे दिवस वेगळे काढून मगच सरासरी घ्या.

दुसरी खूण तासाच्या ग्राफमध्ये असते. ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या युनिटला २७५ मीटरची चिमणी लागते. हिवाळ्यात रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो, चिमणीचं तोंड त्याच्या वर राहतं, धूर शहराच्या डोक्यावरून जातो आणि खाली स्टेशनला कळतही नाही. सकाळी ऊन तापलं की थर फुटतो आणि वरचा धूर एकदम खाली येतो, नऊ ते अकराच्या दरम्यान एसओटूचा उंच पण थोडाच वेळ टिकणारा सुळका दिसतो, तोही एखाद्याच स्टेशनवर. हा जवळच्या चिमणीचा शिक्का. लांबून आलेलं सल्फेट असं वागत नाही, ते शंभर-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात सगळीकडे एकदमच दोन-तीन दिवस चढतं आणि एकदमच उतरतं. त्यामुळे शक्य असेल तर नागपूर, चंद्रपूर आणि गोंदिया अशा तीन जागी एकाच दिवशी फिल्टर लावा. एका जागेवर तिप्पट फिल्टर लावण्यापेक्षा हे कितीतरी जास्त सांगून जातं.

स्टेशनचा एसओटू वापरण्याआधी एकदा डोळ्यांनी ग्राफ बघा. दिवसेंदिवस सरळ रेषेत जाणारा आकडा म्हणजे मशीन नीट चालत नाही, तो डेटा बाजूला ठेवा.

बॅक ट्रॅजेक्टरी: काढायला दहा मिनिटं, समजायला वेळ

अमेरिकेच्या नोआ संस्थेचं हायस्प्लिट मॉडेल वेबसाइटवर फुकट चालतं, डाउनलोड करूनही चालतं. नागपूर २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. बॅकवर्ड निवडा, ७२ किंवा ९६ तास. त्याहून जास्त मागे गेलात तर रेषा सुंदर येते पण तिच्यावर भरवसा उरत नाही.

वेळ यूटीसीमध्ये द्यायची, आपण साडेपाच तास पुढे. फिल्टर सकाळी १० ते दुसऱ्या दिवशी सकाळी १० असेल तर यूटीसी ५, ११, १७, २३ या चार वेळा घ्या, म्हणजे आपल्याकडचे साडेदहा, साडेचार, रात्रीचे साडेदहा आणि पहाटेचे साडेचार. एका दिवसाला एकच रेषा काढून निष्कर्ष काढणारे पेपर छापून येतात, तसं करू नका.

उंची कुठली? जमिनीपासून १००, ५०० आणि १,००० मीटर अशा तीन घ्या. हिवाळ्यात रात्री हवा मिसळण्याचा थर दोनशे मीटरच्याही खाली असू शकतो, दुपारी तोच किलोमीटरभर किंवा वर जातो. थर कुठे होता ते बघायला नागपूरचा हवामान बलून आहे, स्टेशन नंबर ४२८६७, वायोमिंग युनिव्हर्सिटीच्या साइटवर रोजचे आकडे मिळतात, ०० यूटीसीचा म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचचा. त्यात उंचीबरोबर तापमान वाढत असेल तर तोच इन्व्हर्जनचा थर. तिन्ही उंचींच्या रेषा एकाच दिशेने आल्या तर बरं, वेगवेगळ्या दिशांना फाटल्या तर तो दिवस "अनिश्चित" म्हणून बाजूला काढा, जबरदस्तीने दिशा ठरवू नका.

हवामानाचा डेटा निवडताना ग्रिड बघा. एक डिग्रीचा ग्रिड म्हणजे शंभर किलोमीटरहून मोठा चौकोन, त्यात कोराडी, खापरखेडा आणि मौदा सगळे एकाच चौकोनात बसतात. पाव डिग्रीचा डेटा असेल तर तोच घ्या. आणि चूक किती? प्रवास केलेल्या अंतराच्या साधारण १५ ते ३० टक्के धरायची पद्धत आहे. पाचशे किलोमीटर मागे गेलं की ७५ ते १५० किलोमीटर इकडे-तिकडे. हायस्प्लिटमध्ये एन्सेम्बलचा पर्याय आहे, तो हवामानाचा डेटा किंचित सरकवून २७ रेषा काढतो, त्यांचा पसारा बघितला की आपला आत्मविश्वास योग्य जागी येतो.

हिवाळ्यात नागपूरकडे वारा बऱ्याचदा उत्तर-ईशान्येकडून येतो. त्या बाजूला आणि पूर्वेला काय काय आहे ते नकाशावर मांडा: मौद्याचं २,३२० मेगावॉटचं वीज केंद्र शहराच्या पूर्वेला ३०-३५ किलोमीटरवर, तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं गोंदिया जिल्ह्यात, भिलाईचा स्टील प्लांट २४० किलोमीटरवर, कोरबा जवळपास ४०० किलोमीटरवर, आणि सिंगरौली पट्टा ५०० किलोमीटरवर, ज्यात ४,७६० मेगावॉटचं विंध्याचल आहे, देशातलं सगळ्यात मोठं औष्णिक केंद्र. २,९२० मेगावॉटचं चंद्रपूर मात्र दक्षिणेला, १३० किलोमीटरवर. वारा ईशान्येचा असताना चंद्रपूरचा धूर नागपूरला नाही तर तेलंगणाकडे जातो, त्या दिवसांत नागपूरकरांनी चंद्रपूरला दोष देणं बरोबर नाही, आणि चंद्रपूरकर मात्र आपल्या धुरासोबत वरून आलेलंही श्वासात घेतात.

अनेक रेषांवरून नकाशा

समजा ४० फिल्टर आहेत, प्रत्येकाला चार वेळा आणि तीन उंच्या, म्हणजे ४८० रेषा, प्रत्येकी ७२ तासांचे बिंदू, एकूण ३४,५६०. नकाशाचे अर्ध्या डिग्रीचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनात एकूण किती बिंदू पडले ते मोजा, आणि त्यातले किती बिंदू जास्त सल्फेटच्या दिवसांचे, म्हणजे वरच्या २५ टक्के दिवसांचे होते ते मोजा. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की पीएससीएफ, ०.८ आलं तर त्या चौकोनावरून हवा आली की दहापैकी आठ वेळा नागपुरात सल्फेट जास्त होतं. आर भाषेतल्या ओपनएअर पॅकेजमध्ये हे तयार मिळतं, त्याच फंक्शनमध्ये सीडब्ल्यूटीही निघतं जे हो-नाहीऐवजी प्रत्यक्ष सल्फेटच्या आकड्याची सरासरी काढतं, मला ते जास्त आवडतं.

दोन सापळे आहेत. ज्या चौकोनात तीनच बिंदू पडले आणि तिन्ही जास्तीचे, तिथे १.० येतो आणि नकाशावर कुठेतरी ओडिशाच्या जंगलात लालभडक ठिपका दिसतो. कमी बिंदूंच्या चौकोनांना कमी वजन द्यायचंच. दुसरा सापळा जास्त छुपा आहे: खरा स्रोत कोरबा असेल तर कोरब्याच्या मागचे चौकोनही लाल होतात, कारण त्या रेषा कोरब्यावरून येण्याआधी तिथूनच आल्या होत्या. रेषेच्या लांबीभर दोष पसरतो. यावर उपाय एकच, दुसऱ्या शहराचे फिल्टर. रायपूरच्या नकाशातला लाल पट्टा आणि नागपूरचा लाल पट्टा जिथे एकमेकांना छेदतात तिथे संशय पक्का करायचा.

पीएमएफ नावाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे, अमेरिकेच्या ईपीएचं, ५.० व्हर्जन. रासायनिक घटकांच्या टेबलमधून ते स्रोतांचे गट पाडतं. सल्फेटच्या बाबतीत ते हमखास एक गट देतं ज्याला सगळे "सेकंडरी सल्फेट" म्हणतात. हा स्रोत नाही. हे फक्त "वाटेत तयार झालेलं" एवढंच सांगतं, कुणाच्या चिमणीतून ते सांगत नाही. त्या गटाचे रोजचे आकडे घेऊन वरच्या पद्धतीने नकाशा काढला तर उपयोग आहे. सोबत सेलेनियम आणि आर्सेनिक चढत असतील तर कोळसा, व्हॅनेडियम आणि निकेल एकत्र चढत असतील तर जड तेल. मुंबईवाल्यांनी हे शेवटचं जपून वापरा, कारण १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात सल्फरची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली आणि त्या बदललेल्या इंधनात व्हॅनेडियमही कमी झालं, जुन्या प्रमाणांवरून जहाजांचा वाटा काढला तर तो कमी येईल.

आता मोठं मॉडेल

इथे क्लस्टर किंवा निदान दणकट वर्कस्टेशन लागतं. वर्फने हवामान, सीमॅक किंवा कॅमेक्सने रसायन, बाहेर २७ आणि आत ९ किलोमीटरचा ग्रिड, सुरुवातीचे पाच-सात दिवस फेकून द्यायचे म्हणजे सुरुवातीच्या अंदाजाचा परिणाम निघून जातो. एरमॉडसारखं परवानगीच्या रिपोर्टमध्ये वापरतात ते मॉडेल इथे कामाचं नाही, ते ५० किलोमीटरच्या आतलं आहे आणि सल्फेटची केमिस्ट्री त्यात नाही. पर्यावरण परिणामाच्या रिपोर्टमध्ये "२५ किलोमीटरबाहेर परिणाम नगण्य" असं वाचलं की समजून घ्या, सल्फेट त्यात मोजलंच गेलेलं नाही.

उत्सर्जनाचे तयार ग्रिड मिळतात, एडगर आहे, भारतासाठी स्मॉग-इंडिया आहे, पण मोठ्या स्टेशनांचा हिशोब स्वतः एकदा कागदावर करा. १,९८० मेगावॉटचं स्टेशन, म्हणजे कोराडीच्या तीन नव्या युनिटांएवढं, ८० टक्के भारावर १,५८४ मेगावॉट देतं. विजेच्या एका युनिटला ०.७ किलो कोळसा धरला तर तासाला १,१०० टन कोळसा. आपल्या कोळशात राख भरपूर पण सल्फर कमी, साधारण अर्धा टक्का, तर तासाला साडेपाच टन सल्फर, म्हणजे ११ टन एसओटू, दिवसाला २६० टनांच्या आसपास. थोडं सल्फर राखेत राहतं ते वजा करा. हा ढोबळ अंदाज आहे, मोजमाप नाही, पण इन्व्हेंटरीत, म्हणजे उत्सर्जनाच्या तयार ग्रिडमध्ये, त्या जागी ४० टन किंवा ९०० टन दिसले तर काहीतरी गडबड आहे हे लगेच कळतं. आयात कोळसा मिसळला की सल्फरचा आकडा बदलतो. वरून तपासायला सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी उपकरण आहे, २०१७ मध्ये गेलेलं, साधारण साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा पिक्सेल, रोज दुपारी दीडच्या सुमारास जातं. एका दिवसाचं चित्र गोंगाटाने भरलेलं असतं, वर्षाची सरासरी घेतली की सिंगरौली, कोरबा स्पष्ट वर येतात.

मॉडेल चाललं की वाटा काढण्याआधी तपासणी, आणि एसओटू व सल्फेट दोन्ही एकत्र तपासा. दोन्ही कमी आले तर उत्सर्जन कमी धरलंय किंवा हवा जास्त मिसळतेय. एसओटू जास्त आणि सल्फेट कमी आलं तर रूपांतर सावकाश चाललंय, बहुतेक मॉडेलला धुकं-ढग सापडले नाहीत. एसओटू बरोबर पण सल्फेट कमी असेल तर मॉडेलच्या ग्रिडच्या सीमेबाहेरून येणारं सल्फेट तपासा. नुसतं पीएम २.५ जुळलं म्हणून मॉडेल बरोबर, असं कधीच म्हणू नका, धूळ जास्त आणि सल्फेट कमी येऊनही बेरीज जुळू शकते.

वाटा काढायचे दोन मार्ग. एक, एखादा स्रोत बंद करून पुन्हा चालवायचं आणि फरक बघायचा. दोन, टॅगिंग, म्हणजे प्रत्येक स्रोताच्या सल्फरला चिठ्ठी लावून शेवटपर्यंत मागोवा घ्यायचा, कॅमेक्समध्ये पीसॅट, सीमॅकमध्ये आयसॅम. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. धुक्यात पेरॉक्साइड मोजकंच असतं, एका स्टेशनचा वायू काढला तर दुसऱ्याच्या वायूला ते मिळतं, सल्फेट अपेक्षेएवढं कमी होत नाही. शिवाय सल्फेट कमी झालं की सुटलेला अमोनिया थंडीत नायट्रेट बनवतो. "आज कुणाचं किती आहे" याला टॅगिंग, "हे बंद केलं तर काय होईल" याला बंद करून बघणं.

टेक्सासचा धडा

हे सगळं एकत्र करून एक अभ्यास झालाय जो प्रत्येकाने समजून घ्यावा. टेक्सासच्या मेक्सिको सीमेवर बिग बेंड नॅशनल पार्क आहे, ओसाड डोंगराळ भाग, आसपास कारखाना नाही, तरी धुरकं, आणि त्यात सल्फेटचा वाटा सगळ्यात मोठा. सगळ्यांचा संशय सीमेपलीकडे सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या कार्बोन १ आणि २ या मेक्सिकोतल्या २,६०० मेगावॉटच्या कोळसा केंद्रांवर. १९९९ च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये ब्राव्हो नावाचा अभ्यास झाला. चार जागांहून वेगवेगळे परफ्लुरोकार्बन वायू सोडले, जे निसर्गात जवळपास नसतात आणि रासायनिक बदल होत नाही, आणि ते पार्कात किती पोचतात ते मोजलं. मेक्सिकोत सोडता आलं नाही म्हणून अलीकडे सीमेवरच्या ईगल पासहून सोडलं. त्यातून मॉडेलचा वारा आधी तपासून घेतला, रसायनाचा प्रश्न नंतर.

मग कळलं की पूर्वेकडून हवा येताना मॉडेल सल्फेट जास्त दाखवतंय आणि मेक्सिकोकडून येताना कमी. त्या चुका मोजमापाच्या आधारे दुरुस्त केल्यावर जे वाटे निघाले ते ढोबळमानाने असे: मेक्सिको पाचात दोन, त्यातला निम्मा एकट्या कार्बोनचा, पूर्व अमेरिका तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ, टेक्सास सहावा हिस्सा. म्हणजे जवळचा संशयित खरा होता, सगळ्यात मोठा एकटा स्रोत होता, पण चार-पंचमांश सल्फेट त्याचं नव्हतंच. आणि सगळ्यात वाईट धुरक्याच्या काही दिवसांत तर पूर्व अमेरिका आणि टेक्सासचा वाटा वरचढ होता. सरासरी आणि वाईट दिवस यांची उत्तरं वेगळी येतात, दोन्ही वेगवेगळी लिहायची.

नागपूरसाठी मॉडेलचे कुठले रन करायचे

२०१५ च्या डिसेंबरमध्ये कोळसा केंद्रांसाठी एसओटूची मर्यादा आली, ती गाठायला एफजीडी, म्हणजे धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा, बसवायची होती. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट दिली. वर्गवारी अंतरावर आहे: एनसीआर (दिल्ली आणि भोवतालचा भाग) किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असेल तर बसवायची, जास्त प्रदूषित किंवा मानकं न पाळणाऱ्या शहराच्या १० किलोमीटरमध्ये असेल तर प्रकरणानुसार, बाकीच्यांना नाही. वरचा सगळा हिशोब बघितला तर १० किलोमीटर हे एसओटू वायूसाठी अर्थपूर्ण अंतर आहे, सल्फेटसाठी अजिबात नाही. १० किलोमीटरवर सल्फेट तयारच झालेलं नसतं. हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, आणि तो भाषणाने नाही, रनने दाखवता येतो.

म्हणून चार रन करा, डिसेंबर आणि जानेवारी पूर्ण. पहिला जसं आहे तसं. दुसरा, फक्त नागपूरपासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांचा एसओटू ९० टक्क्यांनी कमी करून. तिसरा, विदर्भातल्या सगळ्या केंद्रांचा. चौथा, विदर्भ, छत्तीसगड आणि सिंगरौली पट्टा मिळून. प्रत्येकात नागपूर, चंद्रपूर आणि गोंदियाचं एसओटू, सल्फेट, नायट्रेट आणि दृश्यतेचे किलोमीटर, हे चारही आकडे काढा, महिन्याची सरासरी वेगळी आणि सगळ्यात धुरकट १० टक्के दिवस वेगळे. आकडा एक लिहू नका, पट्टा लिहा: प्रमाणाच्या हिशोबाने एवढं, रेषांच्या नकाशाने एवढं, टॅगिंगने एवढं. तीन पद्धती एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर ते ठामपणे लिहा. दोन एकीकडे आणि एक दुसरीकडे असेल तर आधी धुक्याचे दिवस वेगळे काढून परत बघा, बऱ्याचदा भांडण तिथेच मिटतं, आणि नाही मिटलं तर पुढच्या हिवाळ्यात गोंदियाला सॅम्पलर आधी लावा, कारण ईशान्येचा वारा नागपूरच्या आधी तिथून जातो.